‘अनारसे हसतात’ हाही कीवर्डच आहे: ब्लॉगसाठी छोटे छोटे कीवर्ड कसे शोधायचे

मी रेसिपी ब्लॉग चालू केला तेव्हा पहिले सहा महिने ‘कांदेपोहे रेसिपी’, ‘कोथिंबीर वडी’ असल्याच पोस्टी टाकत होते आणि वाचायला कोण, तर घरचे चौघं आणि मी. त्या कीवर्डवर, म्हणजे लोक गुगलमध्ये टाइप करतात त्या शब्दांवर, मोठमोठ्या साइट आणि यूट्यूबवाले आधीच ठाण मांडून बसलेत, तिथे आपल्याला कोण विचारतंय. मग दिवाळीच्या तोंडावर मावशीचा फोन, "अगं माझे अनारसे हसायला लागलेत कढईत, सगळा भुगा झालाय, काय करू?" पिठात गूळ जास्त झाला होता, थोडी तांदळाची पिठी मिसळायला सांगितली, आणि फोन ठेवल्यावर डोक्यात आलं की अरे, लिहायला तर हे पाहिजे!

तेव्हापासून मी पदार्थाचं नाव शोधत नाही, पदार्थ बिघडल्यावर बाई काय बोलते ते शोधते. चकली मऊ पडते, अळूवडी खाजते, मोदकाची उकड चिरते. एक वही केलीय, फॅमिली ग्रुपवर, भाजीवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीत जे कानावर पडेल ते जसंच्या तसं लिहून ठेवते, शुद्ध करत बसत नाही.

मग ते गुगलमध्ये टाकायचं, पण एंटर मारायचा नाही. इन्कॉग्निटो विंडो (ब्राउझरची खाजगी विंडो, म्हणजे तुमचे जुने शोध मध्ये येत नाहीत) उघडा, ‘अनारसे’ लिहा, स्पेस द्या आणि खाली काय काय सुचवतंय ते बघा. मग एकेक अक्षर टाकत जा, ‘अनारसे क’, ‘अनारसे फ’, ‘अनारसे व’, दर अक्षराला यादी बदलते. कर्सर शब्दाच्या आधी नेऊन पण बघा, वेगळंच काहीतरी निघतं. हेच यूट्यूबच्या सर्चमध्ये परत करायचं, कारण स्वयंपाकाचं शोधायला बरेच जण थेट तिकडेच जातात. आणि इंग्रजी अक्षरात मराठी टाइप करून बघायला विसरू नका, अर्धं पब्लिक तसंच टाइप करतं.

आता गावागावचे शब्द, ही तर खाणच आहे. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्यामुळे नागपूरची बाई ‘सांबारवडी’ शोधणार आणि आपण पुण्यात बसून ‘कोथिंबीर वडी’ लिहिणार, मग भेट कशी होणार? पण नुसता ‘सांबार’ शब्द पकडलात तर इडलीबरोबरचं सांबारच समोर येणार, म्हणून ‘सांबारवडी नागपुरी पद्धत’ असा पूर्ण शब्द धरायचा. तसंच एकच तक्रार तीन तऱ्हेने बोलली जाते, कोणी म्हणतं अनारसे हसतात, कोणी फुटतात, कोणी विरघळतात. यासाठी तीन पोस्टी पाडू नका प्लीज, एकाच पोस्टमध्ये तिन्ही शब्द सहज येऊ द्या.

शब्द मिळाला की एकदा सर्च करून पहिलं पान नीट बघा. वर हिंदी रेसिपी, दहा मिनिटांचे व्हिडिओ आणि भलतंच काहीतरी येत असेल आणि सरळ मराठीत उत्तर कोणीच दिलं नसेल, तर जागा रिकामी आहे, बसा तिथे. कोणीतरी आधीच छान, मुद्देसूद लिहिलंय? सोडा, पुढे चला.

टूल्सचं म्हणाल तर कोणता शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते सांगणारं गुगलचं कीवर्ड प्लॅनर फुकट आहे, पण अ‍ॅड्सचं अकाउंट लागतं आणि जाहिरातीवर खर्च करत नसाल तर आकडे ‘१० ते १००’ असे मोघम दाखवतं. मराठी शब्दांना बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, म्हणून घाबरू नका. शिवाय ते आकडे साधारण गेल्या बारा महिन्यांची सरासरी असतात आणि इथेच आपल्याकडची एक गंमत सुटते. अधिक महिना येतो साधारण ३२-३३ महिन्यांनी, २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ, आणि त्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. अधिक नसलेल्या वर्षी टूल उघडलंत तर ‘जावयाला अनारसे किती द्यायचे’ हे मेलेलं वाटेल. त्यामुळे टूलबरोबर भिंतीवरचं कॅलेंडर पण बघा आणि पोस्ट दोन-तीन महिने आधी टाका, ऐन सणाच्या दिवशी नाही.

आणि ब्लॉग थोडा जुना असेल तर सगळ्यात भारी जागा म्हणजे सर्च कन्सोल, आपली साइट गुगलवर कुठल्या शब्दांना दिसते ते दाखवणारं गुगलचं फुकट टूल. तिथे गेल्या १६ महिन्यांचा डेटा असतो. परफॉर्मन्समध्ये क्वेरी उघडा, इम्प्रेशन (किती वेळा दिसलात) भरपूर, क्लिक शून्य आणि पोझिशन (निकालांत कितव्या नंबरला) ८ ते २० च्या मधली असलेले शब्द वेगळे काढा, म्हणजे गुगल तुम्हाला दाखवतंय पण त्या प्रश्नाचं नेमकं उत्तर तुमच्या पानावर नाहीये. फिल्टरमध्ये रेजेक्स (एकाच वेळी अनेक शब्द शोधायची सोय, मधली उभी रेघ म्हणजे ‘किंवा’) निवडून ‘कसे|किती|कधी’ टाकलं की बरेचसे प्रश्न गाळून मिळतात. माझ्या हसणाऱ्या अनारशांच्या पोस्टवर असं गाळल्यावर ‘अनारशाचं पीठ किती दिवस टिकतं’ निघालं, आणि त्याबद्दल मी एक ओळ पण लिहिली नव्हती. पुढची पोस्ट तीच झाली, मावशीला विचारून.