सॉकेट तापतंय, तरी एमसीबी पडत नाही? या चुका टाळा

हीटर बंद केल्यावर प्लग हाताला चटका देतो, इस्त्रीची पिन काढली की सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसतो. तरीही घरातलं कोणीतरी म्हणतंच, “काही बिघाड असता तर एमसीबी पडला नसता का?” नसता पडला. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच; वायरमधून प्रमाणाबाहेर करंट गेला किंवा शॉर्ट झालं, तरच तो पडतो. सॉकेटमधल्या, पिन धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची पकड ढिली झाली की करंट वाढत नाही, फक्त त्या जोडापाशी उष्णता तयार होते. ढिल्या जोडात अर्धा ओहम रोध आला आणि १० अँपिअर करंट गेला, तर तिथे ५० वॅट उष्णता निघते. म्हणजे बंद डबीत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच. त्या उष्णतेने पट्ट्यांचा ताण आणखी कमी होतो, पकड आणखी सुटते. आरसीसीबी या दुसऱ्या सुरक्षा स्विचलाही हे कळत नाही; तो फक्त करंटची गळती ओळखतो.

‘कुठलीही पिन बसते’ म्हणून घेतलेलं सॉकेट

माझ्या मते सगळ्यात फसवी वस्तू हीच. चपटी, गोल, चौकोनी अशा सगळ्या पिना आत जाव्यात म्हणून भोकं ऐसपैस ठेवलेली असतात, त्यामुळे पट्टी पिनला कडेने जेमतेम टेकते. शटर, म्हणजे भोकांवरचं आतलं सरकतं झाकण, बहुतेक वेळा नसतंच. अर्थिंगची गंमत तर वेगळीच. युरोपातल्या गोल प्लगला अर्थची पट्टी बाजूला असते. तो अशा सॉकेटमध्ये सहज बसतो, यंत्र झकास चालतं, पण अर्थ कुठेच जोडलेला नसतो. धातूच्या बॉडीचं उपकरण असेल तर हे जिवावर बेतू शकतं.

शटर असलेल्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा प्लग जात नाही, म्हणून अर्थच्या भोकात पेन खुपसून शटर उघडायची सवयही सोडा. अर्थची पिन लांब ठेवलेली असते ती आधी अर्थ जुळावा आणि मगच बाकीची दोन भोकं उघडावीत म्हणून.

अर्धीच दुरुस्ती

सॉकेट जळलं, नवं बसवलं, काही दिवसांत तेही जळलं. दोष नव्या सॉकेटला दिला जातो, प्लगकडे कोणी बघत नाही. पिन नीट पाहा: काळी पडलेली असते, तिच्यावर बारीक खड्डे असतात. ती नव्या पट्ट्याही खराब करते. पॉलिश पेपरने घासून भागत नाही, उलट मुलामा जाऊन पिन बारीक होते. प्लग आणि सॉकेट दोन्ही एकदम बदला. जळलेल्या वायरचं टोक चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा. काळ्या तारेवर स्क्रू कितीही आवळला तरी जोड तापतच राहील.

तारेच्या टोकाला कथील लावून ते स्क्रूखाली दाबणं नीटनेटकं दिसतं, पण कथील मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल होतो. तारा नुसत्या पिळून घाला, नाहीतर क्रिंप करा, म्हणजे टोकावर धातूची नळी दाबून बसवा.

२००० वॅटचं उपकरण २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतं. ते ६ अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवायचं नाही, बस. एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणं ही तर त्याहून वाईट चूक, कारण भिंतीतली वायर तीच राहते.

लक्षणं दिसली तर

तडतड आवाज, मासळीसारखा वास, प्लग स्वतःच्या वजनाने खाली झुकणं: यातलं काहीही दिसलं की ते सॉकेट वापरणं थांबवा. टेस्टर पेटला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं नाही. तो फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार, दाखवतो. बोर्ड उघडण्याआधी शेजारचं बटण नाही, मेन स्विच बंद करा. वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर, टाकलेलं असेल, तर ते बंद केल्यावरही सॉकेटमध्ये फेज जिवंतच असतो. मेन बंद केल्यावर टेस्टरने पुन्हा तपासा, आणि तो टेस्टर चालतोय का हे आधी चालू सॉकेटवर पाहून घ्या.