डिव्होर्सच्या ऑर्डरची पक्की नक्कल घेऊन ठेवा
ऑर्डर झाली की लोक मोबाईलमधे फोटो काढतात आणि विषय संपला समजतात, पण पुढे दुसरं लग्न रजिस्टर करायला गेलात की सर्टिफाइड कॉपी लागते, कोर्टाचा गोल शिक्का असलेली, नुसती झेरॉक्स घेऊन गेलात तर परत पाठवतात. फॅमिली कोर्टात नकलेचा अर्ज देऊन एकदम दोन-तीन प्रती मागा. केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबर (कोर्टाने प्रत्येक केसला दिलेला वेगळा ओळख नंबर) फाइलच्या कव्हरवरच लिहून ठेवा, तो ईकोर्ट्स अ‍ॅपमधे टाकला की तारखा दिसतात, दर वेळी वकिलाला फोन नको.

अजून अर्जच करायचाय आणि दोघं राजी असाल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 बी खाली करा, त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायची अट मात्र कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाने 2017 मधेच सांगितलंय.