जुन्या सिनेमातली बस कशी ओळखायची: बॉडी वेगळी, चासी वेगळी

जुन्या सिनेमात बस दिसली की लोक लगेच नाव सांगून मोकळे होतात. लाल असली तर एसटी, पुढं नाक असलं तर बेडफर्ड, तोंड चपटं असलं तर लेलँड. यातलं एकही उत्तर पुराव्यावर उभं नसतं. जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओ ज्या गावात झाले आणि उद्यमनगरात गाडी खोलून पुन्हा जोडणारे मिस्त्री ज्या गावात आहेत, त्या कोल्हापुरातही पडद्यावरच्या बसबद्दल अशीच ठोकळेबाज उत्तरं ऐकू येतात. म्हणून कामाचा क्रम लिहून ठेवतो.

आधी प्रिंट, मग चौकट

मिळेल ती सगळ्यात चांगली प्रिंट घ्या. गाण्यांच्या सुट्या तुकड्यांवर काम करू नका. जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो. आजच्या रुंद पडद्यात बसवताना त्याचा वरचा आणि खालचा भाग छाटतात. बसच्या चित्रात वर टप, म्हणजे छत, असतो आणि खाली चाकं. चाकं गेली तर निम्मं काम तिथंच संपलं.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ची कळ दाबली की चित्र एकेक चौकट, म्हणजे फ्रेम, पुढं सरकतं. यूट्यूबवर चित्र थांबवून पूर्णविरामाची कळ पुढं नेते, स्वल्पविरामाची मागं. समोरची, डाव्या बाजूची आणि मागची अशा तीन चौकटी तरी काढा. गाडी वळण घेत असेल तर तो सगळा तुकडा काढा, कारण तिथं तोंड आणि बाजू एकत्र दिसतात.

चित्र उलटं छापलेलं नाही ना, हेही आत्ताच बघून घ्या. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो आणि प्रवाशांचं दार डावीकडं असतं. दार उजवीकडं दिसलं तर पाटीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. अक्षरंही उलटी असतील तर चौकट आडवी फिरवा आणि पुढं चला.

बॉडी आणि चासी

मला सगळ्यात जास्त वेळ इथंच लागला, आणि बहुतेकांची गाडीही इथंच अडते.

आपल्याकडं तयार बस विकत घ्यायची पद्धत फार उशिरा आली. त्याआधी कारखान्यातून यायचा तो सांगाडा: इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, पाटे, स्टिअरिंग, चाकं. गॅरेजमध्ये त्याला चासी म्हणतात. वरची बॉडी, म्हणजे टप, खिडक्या, दार, बाकडी आणि बरेचदा पुढचं तोंडसुद्धा, दुसराच कोणीतरी बांधायचा. एसटीची स्वतःची बॉडी बांधायची वर्कशॉपं आहेत: पुण्याजवळ दापोडीला, छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्याला आणि नागपूरजवळ हिंगण्याला. तिथं एकाच साच्याची बॉडी टाटाच्या चासीवरही चढते आणि लेलँडच्याही. खासगी गाडीवाले गावातल्या बॉडीवाल्याकडून आपल्या आवडीची पुढची जाळी आणि दिवे बसवून घ्यायचे. त्यामुळं ‘ही कुठली बस?’ या एका प्रश्नाला कायम दोन उत्तरं असतात, चासी कोणाची आणि बॉडी कोणाची. ती वेगवेगळी लिहा. एकाच शब्दात उत्तर देणाऱ्याचं ऐकू नका.

आता पहिला प्रश्न विचारा: गाडीला नाक आहे का?

नाक असेल, म्हणजे इंजिन चालकाच्या पुढं बॉनेटखाली असेल, तर तोंडावर बऱ्यापैकी विश्वास ठेवा. अशा चासीबरोबर बॉनेट, जाळी आणि पुढचे मडगार्ड सहसा कारखान्यातूनच यायचे; बॉडीवाल्याचं काम चालकाच्या काचेपासून मागं सुरू व्हायचं. म्हणून १९४० आणि ५०च्या दशकातल्या गाड्या ओळखायला त्यामानानं सोप्या. त्या काळच्या शेवरोले ट्रकची जाळी बघा: १९४७ ते १९५३ पर्यंत तिच्यावर पाच आडव्या पट्ट्या होत्या, १९५४ला ती बदलली. असा बदल सापडला की वर्षाची एक बाजू पक्की होते. डॉज, फार्गो आणि डिसोटो यांच्या बाबतीत मात्र घाई नको. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातल्या या तीन नावांखाली मूळ गाडी एकच असायची. बिल्ला, म्हणजे तोंडावरचं कंपनीचं चिन्ह, वाचता आला नाही तर तिन्ही नावं लिहा.

नाक दिसलं की बेडफर्ड म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १ जून १९४८ला पुणे ते नगर धावलेली एसटीची पहिली गाडी बेडफर्ड होती, हे खरं. पण सुरुवातीच्या त्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड अशा कितीतरी बनावटीच्या गाड्या होत्या. त्याआधीच्या खासगी सर्व्हिस मोटारींत तर मालकाला जी चासी मिळाली ती. तेव्हा जाळी बघा, बॉनेटचा उतार बघा, आणि मगच नाव घ्या.

तोंड चपटं असेल तर हाच नियम पूर्ण उलटा करा. चपट्या गाडीचं तोंड बॉडीवाल्यानं बांधलेलं असतं, त्यामुळं चासीबद्दल ते जवळपास काहीच सांगत नाही. खिडक्यांची रांग हातानं झाका आणि खालचाच भाग बघा.

तिथं सगळ्यात आधी पुढचं चाक आणि दार यांचं नातं तपासायचं. जुन्या चासीत पुढचं चाक अगदी तोंडाशी असतं, त्यामुळं प्रवाशांचं दार चाकाच्या मागं कुठंतरी येतं. पुढचा अ‍ॅक्सल मागं सरकवलेल्या चासी नंतर आल्या. अशोक लेलँडची व्हायकिंग ही त्यातली आपल्याकडं गाजलेली, सत्तरच्या दशकातली. या गाड्यांत चालकाच्या शेजारी, चाकाच्या पुढं दार बसवायला जागा मिळाली. म्हणून चाकाच्या पुढं दार दिसलं की साठच्या दशकाचा विचार सहसा सोडून द्यायला हरकत नाही. उलट बाजूनं हा नियम लावू नका. दार चाकाच्या मागं असलं म्हणजे गाडी जुनीच, असं ठरत नाही.

त्यानंतर माप. वीस इंची रिमचा बसचा टायर उभा धरला तर साधारण एक मीटर भरतो. पडद्यावर टायरची उंची पट्टीनं मोजा आणि दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर त्याच्या किती पट आहे ते काढा. पाचाच्या आसपास आलं तर पूर्ण लांबीची बस, चाराच्या खाली आलं तर छोटी. इथं माझा आग्रह कडक आहे: ज्या चौकटीत चाक पूर्ण गोल दिसतं, तीच मोजायची. चाक जरा जरी अंड्यासारखं लांबट दिसलं तरी कॅमेरा तिरका आहे, आणि तिरक्या चौकटीवरचं माप कितीही काळजीनं घेतलं तरी खोटंच येतं. लोक तिरक्या चित्रावर दशांशापर्यंत हिशेब मांडतात. तो वेळ चांगली चौकट शोधण्यात घालवा.

शेवटी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, आणि नट. पुढच्या चाकाचा हब किती बाहेर आलाय, नट किती आहेत, रिमला भोकं कशी आहेत, हे बॉडीवाला सहसा बदलत नाही. याचे नियम मी इथं पाठ करायला देणार नाही. ही नजर चित्रं बघून येतच नाही, गाड्या बघून येते. मध्यवर्ती बसस्थानकावर जा, फलाटाला लागणाऱ्या एसटीचं तोंड न बघता नुसतं पुढचं चाक बघा, मनात टाटा किंवा लेलँड ठरवा आणि मगच बिल्ला बघा. जुन्या गाड्यांसाठी एसटीच्या निवृत्त मेकॅनिककडं जा, पण प्रश्न नीट विचारा. ‘काका, ही कुठली बस?’ म्हटलं की तेही सवयीनं तोंडाकडं बघून सांगतात. ‘काका, ह्या गाडीचा पुढचा हब बघा की, तुम्ही असला कशावर खोललाय?’ म्हणून विचारलं, तर हात आठवायला लागतात आणि उत्तर पक्कं मिळतं.

आता सगळ्यात वाईट सल्ला, जो सगळ्यात जास्त दिला जातो: इंजिनाच्या आवाजावरून ओळखा. रस्त्यावर हे जमतं. सिनेमात कधीही करू नका. आपल्याकडं कित्येक दशकं बाहेरच्या चित्रणाचा आवाज नंतर स्टुडिओत भरला जायचा. पडद्यावर टाटा चढ चढत असते आणि कानावर पडणारा आवाज साठवणीतल्या भलत्याच गाडीचा असतो. या टप्प्यावर आवाज बंदच ठेवा.

बिल्ल्याचंही एक सांगतो. टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ होता. त्या काळातल्या गाड्यांवर तीन टोकांचा तारा दिसतो, नंतर वर्तुळातला ‘टी’ आला. तारा दिसला म्हणजे चासी त्या पंधरा वर्षांतली, असं म्हणायला चांगला आधार मिळतो. पण ताऱ्याची गाडी १९८०च्या सिनेमातही धावताना दिसू शकते. चासीचं वय आणि चित्रीकरणाचं वय यांत गल्लत करू नका.

मुंबईतली दुमजली बस असेल आणि चालकाची केबिन फक्त उजव्या अर्ध्या भागात असेल, तर ती हाफ कॅब. तिचं शोधकाम पूर्ण वेगळं, इथं त्यात शिरत नाही.

नंबर

नंबर वाचता आला तर उत्तमच, पण तो काय सांगतो हे माहीत हवं. आजची एमएच-०९ सारखी पद्धत १९८९मध्ये आली. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढं आकडे असायचे. ‘एम’नं सुरुवात झाली म्हणजे महाराष्ट्र, असं धरू नका. मद्रासचे नंबर एमडी आणि एमएसनं सुरू व्हायचे, म्हैसूरचे एमवायनं, मध्य प्रदेशचे एमपीनं. हे फार उपयोगी पडतं, कारण मद्रासच्या स्टुडिओंत बनलेल्या हिंदी सिनेमांत कथेतलं शहर मुंबई असतं आणि रस्त्यावरची बस मद्रासची.

१९८९नंतरच्या एसटीच्या नंबरवरून गाडीचं गाव सांगणारे तर सर्रास चुकतात. एसटीची गाडी सहसा जिथं बॉडी बांधली जाते तिथं नोंदवली जाते. दापोडीची एमएच-१२ किंवा १४, संभाजीनगरची एमएच-२०, नागपूरची एमएच-३१ किंवा ४०. कोल्हापूर, गारगोटी, राधानगरी कुठल्याही आगारात या नंबरच्या गाड्या दिसतात. एमएच-२० दिसली म्हणून चित्रीकरण मराठवाड्यात झालं, हा निष्कर्ष चूक. आगाराचं नाव बॉडीवर वेगळं रंगवलेलं असतं, ते शोधा.

समोरच्या पाटीवर तर अजिबात विसंबू नका. चित्रीकरणासाठी घेतलेल्या गाडीवर कथेतल्या गावाची पाटी चढते. पाटी काहीही म्हणो, मागं रंकाळ्याचा कठडा दिसत असेल तर बस कोल्हापुरात उभी आहे.

रंग

कृष्णधवल चित्रात लाल, हिरवा आणि गडद निळा एकाच राखाडीत येऊ शकतात. त्यावरून रंग सांगू नका. रंगीत प्रिंटचाही भरवसा नाही. इस्टमनकलरच्या जुन्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी-लालसर होतं. तिथं करडी बसही एसटी वाटायला लागते. त्याच चौकटीतलं आभाळ आणि झाडांची पानं बघा. ती रंगात नसतील तर बसचा रंग नोंदीत ‘अनिश्चित’ लिहा.

आतलं दृश्य

बाहेरून दिसलेली आणि आतून दिसलेली बस एकच आहे, असं गृहीत धरू नका. आतलं दृश्य बरेचदा स्टुडिओत उभ्या केलेल्या अर्ध्या बसचं असतं आणि खिडकीबाहेर पडद्यावर रस्ता पळत असतो. बाकड्यांमधली वाट गरजेपेक्षा रुंद दिसली, कॅमेरा टपाच्या उंचीवरून खाली बघायला लागला किंवा खिडकीबाहेरचा रस्ता हलतोय पण माणसांवरचा उजेड बदलत नाही, तर तो सेट समजा. खिडक्यांची संख्या आतून आणि बाहेरून मोजा, बहुतेक वेळा तिथंच कळतं.

काळ

बस नेहमी ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते. ‘याच्या नंतरचं नाही’ हे आजूबाजूच्या वस्तूंकडून मिळवा. सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र वाचा, त्यावर तारीख असते. मुंबईच्या रस्त्यावर बसशेजारी ट्राम धावताना दिसली तर ते चित्रण ३१ मार्च १९६४च्या पुढचं नाही, कारण त्या दिवशी तिथली ट्राम बंद झाली. टपाच्या किंवा पाठीमागच्या बाजूला मोठं नळकांडं जोडलेलं दिसलं तर दुसऱ्या महायुद्धातल्या पेट्रोलटंचाईचा विचार करा. तेव्हा कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवत. शहराची ओळख करून देणारी सुरुवातीची दृश्यं मात्र सिनेमापेक्षा जुनी असू शकतात, ती दुसरीकडून आणून जोडलेली असतात.

जुना काळ दाखवणाऱ्या नव्या सिनेमात नंबरप्लेट, मागचे दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या बघा. सत्तरचं दशक आणि एमएच-०९ सारखा नंबर एकत्र दिसले की पुढं काही बघायची गरज नाही.

नोंद

सिनेमाचं नाव, प्रिंट, मिनिट-सेकंद, चासी, बॉडी, नंबर, जागा. प्रत्येक रकान्यात दिसलं ते वेगळं आणि अंदाज केला तो वेगळा लिहा. नंबर अर्धाच वाचता आला तरी जेवढी अक्षरं दिसली तेवढी टाका, बाकीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा. आणि यादी सिनेमाच्या नावानं न लावता नंबरानं लावा. एकाच भागात चित्रीकरण झालेल्या दोन सिनेमांत तीच गाडी वेगळ्या पाटीनं पुन्हा सापडते, आणि पहिल्यात न दिसलेलं पुढचं चाक दुसऱ्यात पूर्ण गोल दिसतं.