अकरावी आर्ट्स: चार विषय ठरवताना

दहावीचा निकाल लागला की घरात कॉलेजचं नाव ठरतं आणि विषय प्रवेशाच्या खिडकीपाशी उभं राहून ठरतात. हा क्रम उलटा करा.

राज्य मंडळाच्या सध्याच्या रचनेत इंग्रजी सक्तीचं, एक दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक विषय. प्रत्येकी १०० प्रमाणे ६०० गुण. यादीत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, गणित असं बरंच काही आहे. पण कॉलेज शिकवतं ते त्याच्याकडच्या शिक्षकांनुसार आणि ठरलेल्या गटानुसार. एकाच तासिकेला दोन विषय असले, तर त्यातला एकच मिळतो. त्यामुळे प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरण्याआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा: विषयांचे गट कोणते, त्या विषयाला शिक्षक आहेत की जागा रिकामी आहे, आणि भूगोलाची प्रात्यक्षिकं खरंच होतात का. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-धडगावसारख्या दूरच्या भागातून रोज एसटीनं येणार असाल, तर शेवटचा तास किती वाजता सुटतो तेही विचारा.

मग बालभारतीच्या संकेतस्थळावरून बारावीची पुस्तकं उतरवून घ्या. अकरावीची नव्हे, बारावीचीच. कारण बोर्डाचा पेपर त्यावर आहे. प्रत्येक विषयाचा एक धडा वाचा आणि खालचा स्वाध्याय वहीत सोडवून बघा. इतिहास म्हणजे फक्त शिवकाल समजून येणाऱ्यांना इथं युरोपातलं प्रबोधन आणि शीतयुद्ध भेटतं. अर्थशास्त्रात निर्देशांकाचं, म्हणजे आधीच्या एका ठरावीक वर्षाच्या (आधार वर्षाच्या) तुलनेत भाव किती बदलला ते सांगणाऱ्या आकड्याचं गणित आहे. समजा, केळीचा भाव आधार वर्षी क्विंटलला ८०० रुपये होता आणि चालू वर्षी १००० झाला, तर १००० भागिले ८०० गुणिले १००, म्हणजे १२५. भाव पंचवीस टक्क्यांनी चढला. एवढं समजून करता आलं, तर अर्थशास्त्राला घाबरण्याचं कारण नाही. या विषयाला पोरं उगाच टाळतात असं आमचं स्पष्ट मत आहे.

'स्कोअरिंग विषय' ही ऐकीव गोष्ट आहे. समाजशास्त्र सोपं म्हणून घेतलेल्यांची उत्तरं गावगप्पांसारखी होतात, कारण संकल्पनेची व्याख्या आणि उदाहरण हे दोन्ही लिहायचं असतं याकडे लक्ष दिलेलं नसतं. भूगोलाचंही तसंच: जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याचं बघून उतरवलं, तर तोंडी परीक्षेत नकाशाचं प्रमाणही सांगता येत नाही.

पुढचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवा. सरकारी अधिकारी होण्यासाठीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहिण्याची आहे आणि तिच्यात एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर असतात, प्रत्येकी २५० गुणांचे. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र यांपैकी एक अकरावीपासून पक्का केलात, तर पुढे तो परका वाटत नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्रात ऑनर्स करायचं असेल, तर बारावीला गणित लागतं. आर्ट्सला गणित देणारं कॉलेज मग मुद्दाम शोधावं लागेल. वकिलीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला मात्र ठरावीक विषयाची अट नाही.

या विषयांच्या अभ्यासात करायच्या प्रकल्पाला खानदेशात विषयांची वानवा नाही. रावेर-यावलची केळी आणि खाली जाणारं भूजल, नंदुरबारच्या डोंगराळ तालुक्यांतून गुजरातला होणारं हंगामी स्थलांतर, फैजपूरचं १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेलेला नंदुरबारचा शाळकरी मुलगा शिरीषकुमार. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं आहेत. जाताना कॉलेजचं पत्र न्या. गावातल्या दहा घरांना तेच पाच प्रश्न विचारून तक्ता केलात, तरी इंटरनेटवरून छापलेल्या पानांपेक्षा तो प्रकल्प सरस ठरतो.

विषय बदलायचाच झाला, तर अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांतच लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बारावीला विषय बदलणं ही बोर्डाच्या परवानगीची बाब होते, आणि मागचा अख्खा अभ्यास एकट्यानं भरून काढावा लागतो.