गुरुवारचा आकडा वाचायला शिका

मराठवाड्यातून मालिकालेखनासाठी मुंबईत येणारी मुलं-मुली भेटली की मला फार बरं वाटतं. कुणी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागातून आलेलं असतं, कुणी नांदेडहून, कुणी परभणी-लातूरकडच्या एकांकिका गाजवून. संवादांवर हात बसलेला असतो. पण पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगतं, 'आकडा पडलाय, कथेचा ट्रॅक बदला', आणि बिचाऱ्यांना वाटतं आपल्याला लिहिताच येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ज्याला आपण टीआरपी म्हणतो तो आकडा २०१५पासून बार्क ही संस्था देते. त्याआधी हे काम टॅम या कंपनीकडे होतं. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारा एक संकेत मिसळलेला असतो. निवडक घरांतल्या टीव्हीला जोडलेलं मीटर तो ओळखतं आणि कोणती वाहिनी चालू आहे हे नोंदवतं. कोण बघतंय हे कळायला घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपलं बटण असतं. बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. २०२०च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी होती आणि मीटर होती जवळपास ४४ हजार घरांत. शितावरून भाताची परीक्षा, पण शितं नीट निवडलेली. मोठं शहर, लहान शहर, खेडं, घराची ऐपत, भाषा असं सगळं बघून.

ऐपत ठरवायची रीत मला आपल्याकडच्या मुलांना मुद्दाम सांगावीशी वाटते. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत, यावरून वर्ग ठरत आला आहे. त्या अकरांत फ्रिज, वॉशिंग मशीन, गाडी, एसी आहेत; तशीच विजेची जोडणी आहे आणि शेतजमीनही आहे. म्हणजे गंगाखेडकडचं दहा एकरवालं घर या हिशेबात दिसतं. ऑक्टोबर २०१५पासून ग्रामीण भागाचे आकडेही येऊ लागले. त्यानंतर गावाकडच्या मालिका वाढल्या, त्यामागचं एक मोठं कारण मी हेच मानते.

आता खरं शिकायचं ते. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि त्याचा आकडा पुढच्या गुरुवारी येतो. त्या दिवशी चॅनलमधून फोन येतो तो एकाच आकड्याचा. तुम्ही मात्र दोन विचारा: किती माणसं आली, आणि आलेली किती वेळ थांबली. अर्ध्या तासाच्या भागाला शंभरातली २० माणसं आली आणि सरासरी १५ मिनिटं बसली, तर रेटिंग, म्हणजे फोनवर येणारा तो आकडा, १०. उद्या १५ माणसं आली आणि २० मिनिटं बसली, तरी रेटिंग १०च. पण दोन्हींचं औषध वेगळं. माणसंच येत नसतील तर प्रोमो, वेळ, आधीची मालिका, समोरच्या वाहिनीवरचा महाएपिसोड किंवा आयपीएल यांकडे बघायचं. येऊन उठून जात असतील तर मात्र ती जबाबदारी आपली, लेखकांची. मिनिटामिनिटाचा आलेख मिळाला तर सोडू नका. ब्रेकनंतर माणसं परतली का, कोणत्या प्रसंगाला उठली, हे त्यात स्वच्छ दिसतं. एका मालिकेत सासू-सुनेच्या भांडणाला आलेख घसरायचा आणि बाप-लेकीच्या साध्या गप्पांना स्थिर राहायचा. आम्ही गप्पा वाढवल्या, तेव्हा थांबायचा वेळ वाढला.

मालिका बंद होते ती मात्र नुसत्या कमी आकड्यामुळे नाही. चॅनल निर्मात्याला दर भागाचे पैसे देतं आणि ते जाहिरातींतून काढतं. तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवायला नियमानं मुभा नाही. म्हणजे जागा मोजकी, कमाई वाढायची तर जाहिरातीच्या दहा सेकंदांचा दर वाढायला हवा. तो दर आकड्यावर आणि जाहिरातदाराला कोण प्रेक्षक हवाय यावर ठरतो. त्यामुळे रात्री साडेदहाची स्वस्तातली मालिका कमी आकड्यावरही तग धरते, आणि आठची खर्चीक मालिका तिच्या दुप्पट आकडा आणूनही गाशा गुंडाळते. तुलना नेहमी त्या वेळेशी, त्या खर्चाशी.

गावाकडचं बघणं आपल्याला माहीत असतं, हे आपलं भांडवल आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर रानात राबलेली बाई स्वयंपाक उरकून बसते तेव्हा तिचे डोळे मिटायला लागलेले असतात. माझी मावशी म्हणते, "लाईट गेली की तुमची सिरियलबी गेली, अन् दुसऱ्या दिवशी काय झालं ते कळतच नाही बघ." म्हणून कालची गाठ आज एका संवादात पुन्हा सांगायची सवय लावा. शहरातले काही सहकारी त्याला पुनरावृत्ती म्हणतात. मला ती त्या बाईची कदर वाटते.

एक गोष्ट कडकपणे सांगते. मीटर कोणत्या घरात आहे ते गुप्त असतं आणि गुप्तच राहिलं पाहिजे. २०२०मध्ये मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन आकडे फुगवल्याचे आरोप झाले, मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२पर्यंत बंद राहिले. 'आमच्या ओळखीतलं घर आहे' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. मालिका गुंडाळायची ठरली की शेवट लिहायला फार तर दोन-तीन आठवडे मिळतात. मानधन अनेकदा ९० दिवसांनी हातात येतं. तेव्हा मालिका संपल्यावरही जुन्या बिलांचे पैसे येत राहतात, ते भाड्यासाठी राखून ठेवा. करारात नोटिशीचा काळ आणि लिहून दिलेल्या पण न दाखवलेल्या भागांचं मानधन या दोन ओळी आहेत का, ते सहीआधी बघा. नसतील तर घालून मागा. नव्या लेखकालाही त्या मिळतात.