ईईसीपी उपचाराची तयारी कशी करावी

हृदयाच्या धमन्यांतील अडथळ्यांमुळे चालताना किंवा जिना चढताना छातीत वारंवार दुखते, योग्य औषधे चालू असूनही त्रास थांबत नाही आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्य नाही, अशा रुग्णांसाठी ईईसीपी (एन्हान्स्ड एक्स्टर्नल काउंटरपल्सेशन) हा शस्त्रक्रियेविना करता येणारा उपचार आहे. त्यात पायांवर बांधलेले हवेचे पट्टे हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून फुगवतात व सैल करतात, त्यामुळे पायांतील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. या उपचाराने धमनीतील अडथळा निघून जातो, असा दावा कोणी केल्यास तो मानू नये. दुखणे कमी वेळा उठावे आणि थोडे अधिक चालता यावे, एवढीच अपेक्षा रास्त आहे, व तीही प्रत्येकाची पूर्ण होतेच असे नाही. विश्रांती घेतानाही छातीत दुखू लागले किंवा दुखणे अचानक वाढले, तर ईईसीपीचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

प्रथम हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीच्या झडपेतून लक्षणीय गळती आढळल्यास हा उपचार टाळतात, कारण पायांकडून मागे ढकललेले रक्त त्या झडपेतून पुन्हा हृदयात शिरते. पायाच्या शिरेत गुठळी, महाधमनीला आलेला फुगवटा, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अतिशय अनियमित ठोके आणि गर्भावस्था यांतही तो केला जात नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ती आधीच सांगावीत.

साधारणपणे रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, अशी सात आठवड्यांत ३५ सत्रे होतात. एवढी सवड काढता येईल का, हे सुरू करण्यापूर्वीच पाहावे. सत्राच्या आधी भरपेट जेवू नये आणि लघवी करून यावे. सुरकुत्या न पडणारी, अंगाबरोबरची विजार घालावी. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु कापडाच्या सुरकुत्या हे त्वचा सोलवटण्याचे एक नेहमीचे कारण असते. पोटऱ्या, मांड्या व नितंबांवर पट्टे बांधले जातात. ईसीजीच्या इशाऱ्यानुसार हृदय शिथिल होताच ते खालून वर क्रमाने फुगतात आणि पुढच्या ठोक्याच्या अगदी आधी एकदम सैल होतात. त्यामुळे हृदयाच्या धमन्यांकडे अधिक रक्त जाते आणि हृदयावरचा भार हलका होतो. दाब घट्ट आणि झटक्याचा असतो. पहिल्या काही दिवसांत थकवा किंवा पाय दुखणे संभवते. पट्टा टोचत असेल, तर मुकाट्याने सोसू नये, तंत्रज्ञांना लगेच सांगावे.

बरे वाटू लागले तरी चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, आणि जिभेखाली ठेवायची गोळी जवळ बाळगणेही सोडू नये.