लेखनाची कल्पना पारखताना या चुका टाळा

कल्पना डोक्यात असते तोवर तिच्यात काहीच खोट दिसत नाही. सुरुवात डोळ्यांसमोर असते, शेवटचं वाक्यही ऐकू येतं. मधलं कसं जमणार हा प्रश्न पडत नाही, कारण मन मधलं गाळून पुढे जातं. कागदावर तसं जाता येत नाही. म्हणून नुसता विचार करकरून कल्पना पारखता येत नाही, थोडं तरी लिहूनच पाहावं लागतं. आता नेमकं काय लिहून पाहायचं? बहुतेकांची गफलत इथेच होते.

सोपा भाग लिहून पाहणं

नवी कल्पना घेऊन बसलेला माणूस सहसा पहिलं पान लिहितो. ते छान उतरतं, हुरूप येतो आणि कल्पना चांगली आहे असं ठरून जातं. पण पहिल्या पानावर बहुतेक वेळा वातावरणच असतं, आणि लिहायची सवय असलेल्या कुणालाही ते साधतं. कल्पनेचा कस लागतो तिच्यातल्या सर्वांत अवघड जागी. ती जागा आधी लिहा.

समजा, रात्रपाळीच्या नर्सच्या हातून औषधाचा डोस चुकतो, पेशंट दगावतो आणि चूक कुणाच्याच लक्षात येत नाही. काही महिन्यांनी त्या पेशंटचा मुलगा तिचे आभार मानायला येतो. ऐकायला दमदार आहे. रात्रीचा वॉर्ड, मॉनिटरचा आवाज, चार्टवर पेन टेकवून थांबलेला हात, हे सगळं एका बैठकीत लिहून होईल. त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. कथा उभी राहते की नाही, ते मुलगा समोर येऊन बसल्यावर ठरणार. तेव्हा तोच प्रसंग लिहा. दीड-दोन पानं पुरेत, मागचंपुढचं काही नको.

एक शक्यता अशी की मुलगा म्हणतो, "तुम्ही बाबांसाठी खूप केलंत." नर्स मान खाली घालते आणि उरलेलं दीड पान तिची घालमेल चालू राहते. नीट पाहिलं तर त्या मुलाला काही हवंच नाहीये. नर्सला अपराधी वाटावं एवढ्यासाठी लेखकानं त्याला बोलावून आणलंय. म्हणजे तुमच्याकडे प्रसंग आहे, कथा अजून नाही.

दुसरी शक्यता अशी की लिहिता लिहिता तो बोलून जातो, "आई आता एकटीच असते. तिची गोळ्या-इंजेक्शनं तुम्ही बघाल का? दुसऱ्या कुणावर तिचा विश्वास नाही." हे तुमच्या आराखड्यात नव्हतं. आता नर्सला हो म्हणणंही अवघड आणि नाही म्हणणंही. काहीही म्हटलं तरी पुढे काही ना काही घडणारच. लिहायला बसल्यावर कल्पना तुम्ही न ठरवलेलं असं काही हातात ठेवत असेल, तर तिच्यामागे जावं. कल्पनेत दम असल्याची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही.

वैचारिक लेख असेल तर अवघड जागा वेगळी. तुमचं म्हणणं न पटणारा सर्वांत हुशार माणूस काय म्हणेल, तो परिच्छेद त्याच्या बाजूनं, मनापासून लिहा. तो लिहिताच येत नसेल तर वाचन कमी पडतंय. लिहून झाल्यावर तुमचंच मत थोडं हललं, तर घाबरू नका. लेखाला खरा विषय तिथेच सापडतो.

विषयालाच कल्पना समजणं

"एकटेपणावर लिहायचंय" हा विषय झाला. कुणाला काय हवंय आणि ते का मिळत नाही, हे एका साध्या वाक्यात सांगता येईपर्यंत पारखायला हाती काहीच नसतं. वाक्य ओबडधोबड असलं तरी चालेल.

"कशी वाटली?" असं विचारणं

जवळच्या माणसाला कल्पना सांगितली की उत्तर ठरलेलं असतं, "मस्त आहे, लिही." त्यात खोटेपणा नसतो. त्यानं ऐकलेला असतो तुमचा उत्साह. शिवाय सांगण्यातच समाधान मिळून जातं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध झाले. आपल्याला कोण व्हायचंय याच्याशी जोडलेला संकल्प दुसऱ्या कुणी जाणून घेतला, की त्यासाठी प्रत्यक्ष मेहनत कमी घेतली जाते, असं त्यांत दिसलं. कौतुक आधीच पदरात पडल्यावर लिहायची निकड उरत नाही, हे लिहिणाऱ्यांना पटायला हरकत नसावी.

त्यापेक्षा लिहिलेली दोन पानं द्या आणि गप्प राहा. दोन दिवसांनी विचारा, "त्यातलं काय आठवतंय?" वाचणाऱ्याला वॉर्ड आणि मॉनिटर आठवला पण आईचा उल्लेखच आला नाही, तर कथेचा गाभा अजून पानावर उतरलेला नाही. कौतुकापेक्षा हे कळणं कितीतरी उपयोगाचं आहे.

काहीजण उलट टोकाला जातात. कल्पना चोरीला जाईल म्हणून पान कुणाला दाखवतच नाहीत. 1995 पासून लागू असलेल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम 9 मध्ये स्पष्ट म्हटलंय, की कॉपीराइटचं संरक्षण अभिव्यक्तीला आहे, कल्पनेला नाही. नुसत्या कल्पनेवर तुमचा हक्क नाहीच, लिहिलेल्या पानांवर आहे. "यावर आधीच कुणीतरी लिहिलंय" म्हणून कल्पना टाकून देणाऱ्यांनीही हेच कलम ध्यानात घ्यावं. तीच परिस्थिती घेऊन तुमच्या शब्दांत नवी गोष्ट लिहायला कुणाची आडकाठी नाही.

मसुदा फसला म्हणून कल्पना टाकणं

पहिला मसुदा वाईट असणं आणि कल्पना वाईट असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाईघाईत निकाल दिला की चांगल्या कल्पना हकनाक जातात. आधी कुठे अडलं ते पाहा. नर्सच्या रोजच्या कामाचे तपशील ठाऊक नसल्यामुळे वाक्यं मोघम होत असतील तर माहिती कमी आहे, ती मिळवता येते. तपशील आहेत पण पात्र हलत नसेल तर तोच प्रसंग मुलाच्या बाजूनं लिहा. तो जिवंत झाला, तर कल्पना धड होती आणि निवेदक चुकला होता. दोन्ही बाजूंनी लिहूनही तुम्हालाच पुढे काय होतं याची उत्सुकता नसेल, तर मात्र थांबावं.

लांबीचा अंदाजही इथेच घ्यावा. मुख्य कलाटणीनंतर नवा प्रश्न उभा राहत नसेल, तर ती कल्पना लघुकथेची आहे. तिला ताणून कादंबरी केली की मधली पानं भरताड होतात.

आजवरच्या कष्टांपायी ओढत राहणं

आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1985 मध्ये एक प्रयोग मांडला होता. नाटकांच्या हंगामाची तिकिटं ज्यांनी पूर्ण किमतीला घेतली होती, ते सवलतीत घेणाऱ्यांपेक्षा सुरुवातीच्या महिन्यांत जास्त वेळा नाटकाला गेले. नाटकं दोघांना तीच होती. वर्षभर सांभाळलेल्या कादंबरीचंही असंच होतं. "इतकं लिहिलंय" हे पुढे लिहिण्याचं कारण म्हणून पुरेसं नाही. हीच कल्पना आज पहिल्यांदा सुचली असती तर हातात घेतली असती का, एवढंच स्वतःला विचारावं.

थांबायचं ठरलं तर पानं फेकू नका. फाईलच्या वरच एका ओळीत कारण लिहा: "नर्स हो का म्हणेल ते कळत नाही" किंवा "मुलाला काही हवं नाही". नुसतं "जमलं नाही" लिहिलंत, तर पुन्हा फाईल उघडाल तेव्हा नेमकं काय दुरुस्त करायचं ते समजणार नाही.